तो पियानो कोणाचा?

'शिंडलर्स लिस्ट' (१९९३) या चित्रपटात क्राकोची ज्यू वस्ती रिकामी केली जाते, तो भाग पाहणं अवघड आहे. रात्र झालेली, लपलेल्या माणसांना हुडकून ठार मारणं चाललेलं, आणि त्या सगळ्यात एक जर्मन सैनिक तिथल्याच कोणाच्या तरी घरातल्या पियानोवर बसून भरधाव वाजवतो आहे. दाराशी आलेले दोन सैनिक क्षणभर थबकतात. एक विचारतो, हे बाखचं का? दुसरा ठामपणे सांगतो, नाही, मोझार्टचं. खरं तर ती रचना बाखचीच आहे, दुसऱ्या इंग्लिश स्वीटचा प्रील्यूड. चित्रपटात ही चूक कोणी दुरुस्त करत नाही. ज्यांच्या मुलखात हे संगीत जन्मलं त्यांचीही ओळखताना गफलत होते, हे त्या दोन वाक्यांत दिसतं. मग नागपुरातल्या सीताबर्डीच्या थिएटरात किंवा घरच्या टीव्हीसमोर बसलेल्या आपल्यासारख्याला पियानोचा एखादा तुकडा हलवून गेला आणि त्याचं नाव सांगता आलं नाही, तर संकोचायचं कारण नाही. पण नाव शोधायचं सोडूनही देऊ नये. नाव कळलं की तो तुकडा चित्रपटापासून सुटतो आणि आपल्याला पूर्ण ऐकता येतो. दीड मिनिटाच्या दृश्यामागे कधी अर्ध्या तासाची रचना उभी असते.

'हे कोणाचं?' या एका प्रश्नात अनेक प्रश्न मिसळलेले असतात. रचना कोणाची, वाजवलं कोणी, आणि ती जुनीच रचना आहे की चित्रपटासाठी जुन्या धाटणीत नव्यानं लिहिलेली? शोधणारे बहुतेक जण यांची गल्लत करतात आणि तिथेच अडकतात. कारण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळ्या ठिकाणी मिळतं.

सर्वांत जवळचं ठिकाण म्हणजे चित्रपटाची श्रेयनामावली. युरोप-अमेरिकेतल्या चित्रपटांत अगदी शेवटी, चालक आणि स्वयंपाक्यांच्या नावांच्याही नंतर, वापरलेल्या संगीताची यादी येते. रचना, रचनाकार, वादक, ध्वनिमुद्रण कोणत्या कंपनीचं, सगळं. ते हक्कांच्या व्यवहारातून आलेलं असतं, म्हणून बऱ्यापैकी विश्वासार्ह असतं. पण आपल्याकडे ते वाचतं कोण? शेवटचं दृश्य संपायच्या आत थिएटरातले दिवे लागतात, दारं उघडतात आणि सगळ्यांना पार्किंगमधून गाडी काढायची घाई असते. घरी पाहताना श्रेयनामावली कोपऱ्यात आकसते आणि पुढचं काहीतरी आपोआप सुरू होतं. रिमोट हातात घेऊन ती यादी पूर्ण पाहिली, तर परदेशी चित्रपटांपुरता निम्मा शोध तिथेच संपतो. जुन्या हिंदी आणि मराठी चित्रपटांचं तसं नाही. त्याकडे पुढे येतो, कारण खरं दुखणं तिथेच आहे.

दुसरा रस्ता फोनचा. शझाम ही सेवा ब्रिटनमध्ये २००२ साली सुरू झाली, तेव्हा २५८० हा क्रमांक फिरवून फोन स्पीकरसमोर धरायचा आणि गाण्याचं नाव मेसेजनं यायचं. तिच्यामागचं तंत्र एव्हरी वांग यांनी २००३ मध्ये एका निबंधात मांडलं. आवाजाचा आलेख काढायचा, त्यातली फक्त उंच शिखरं ठेवायची, दोन-दोन शिखरांमधलं अंतर मोजायचं आणि त्यावरून त्या ध्वनिमुद्रणाचा ठसा तयार करायचा. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखावा तसं यंत्र या ठशावरून ध्वनिमुद्रण ओळखतं. गर्दीचा, गाड्यांचा आवाजही त्याला फारसा आड येत नाही.

पण यंत्र ओळखतं ते ध्वनिमुद्रण, रचना नव्हे. शोपँचा एखादा नॉक्टर्न शंभर वादकांनी वाजवला असेल, तर यंत्राच्या लेखी त्या शंभर वेगळ्या गोष्टी. शोपँ, बीथोव्हन, डेब्युसी यांच्या रचनांवर आज कोणाचा हक्क उरलेला नाही. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी रचना मुक्त होते. शोपँ गेला १८४९ साली, डेब्युसी १९१८ मध्ये. अगदी रखमानिनोव्हही १९४३ मध्ये गेला. ध्वनिमुद्रणावरचा हक्क मात्र वेगळा असतो आणि त्याचे पैसे मोजावे लागतात. म्हणून निर्माता काय करतो? एखाद्या वादकाला बोलावतो आणि तीच रचना पुन्हा वाजवून घेतो. असं ध्वनिमुद्रण तबकडीवर किंवा नेटवर स्वतंत्रपणे कधी आलंच नाही, तर फोनजवळ त्याचा ठसा नसतो. शिवाय दृश्यात संवाद असतात, आणि वादकानं दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून लय ओढलेली असते. अभिजात पियानोच्या बाबतीत फोन वारंवार हात टेकतो, त्याचं कारण हे आहे. २०२० पासून गुगलवर गुणगुणूनही शोधता येतं. त्यात स्वरांची चढउतार पाहिली जाते, म्हणजे ते रचनेच्या जवळ जातं. मात्र लोकप्रिय गाण्यांइतका त्याचा हात इथे चालत नाही.

यंत्रं येण्याच्या खूप आधी माणसांनी यावर पुस्तकं केली होती आणि ती आजही उपयोगी आहेत. हॅरॉल्ड बार्लो आणि सॅम मॉर्गनस्टर्न यांचा स्वरकोश १९४८ चा. त्यात सुमारे दहा हजार वाद्यरचनांच्या सुरावटी आहेत. मला त्यात भावते ती शेवटची सूची. रचना मुळात कोणत्याही पट्टीत असो, कोशकारांनी ती 'सी' या एकाच पट्टीत आणून पहिले काही स्वर अक्षरांत लिहिले आणि वर्णानुक्रमानं लावले. म्हणजे त्यांनी प्रत्येक रचनेचा षड्ज एक केला. आपल्याकडे पेटीवर बोट ठेवणारा शाळकरी मुलगाही हेच करतो. कुठल्याही पट्टीतली चाल आली तरी तो आधी सा शोधतो आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्यानं म्हणतो. पाश्चात्त्य श्रोत्याला ज्यासाठी वेगळा कोश लागला, ती सवय मराठी घरात सरगमीसोबत रुजलेली असते. हे आपलं मोठं भांडवल आहे आणि पियानोच्या बाबतीत आपण ते वापरत नाही, याची मला खंत वाटते.

ज्यांना स्वरही नेमके लागत नाहीत, त्यांच्यासाठी डेनिस पार्सन्स यांनी १९७५ साली आणखी सोपी युक्ती काढली. स्वर ओळखूच नका. पुढचा स्वर आधीच्यापेक्षा वर गेला, खाली आला की तोच राहिला, एवढंच लिहा. पंधराएक स्वरांची अशी चढउतार लिहिली की हजारो सुरावटींतून हवी ती वेगळी निघते.

बीथोव्हनची 'फ्यूर एलीझ' घ्या. मोटार मागे घेताना वाजणाऱ्या धुनांमुळे आणि दारावरच्या घंटांमुळे ती आपल्याकडे सगळ्यांच्या कानात बसली आहे. षड्ज नीट धरला तर तिची सुरुवात अशी येते: प, तीव्र म, प, तीव्र म, प, रे, शुद्ध म, कोमल ग, सा. पार्सन्सच्या रीतीनं: खाली, वर, खाली, वर, खाली, वर, खाली, खाली. दोन्ही मध्यम इतके शेजारी पाहून आपला कान राग शोधू लागतो आणि अडतो. तो अडू द्यावा, राग शोधायचाच नाही. स्वर लिहून काढायचे आणि ताडून पाहायचे. ही रचना १८१० ची, छापली गेली १८६७ मध्ये, म्हणजे बीथोव्हनच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. आज कोणत्याही शहरात ती कानावर पडते, पण ती रचणाऱ्यानं स्वतः ती छापलेली पाहिली नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीनं एका जुन्या फ्रेंच चित्रपटातला तुकडा फोनवर टिपून मला पाठवला. लुई माल यांचा 'ल फ फोले' (१९६३). हेच माल पुढे भारतात आले आणि त्यांनी आपल्या देशावर माहितीपट केले. तिच्या ध्वनिफितीत पियानोपेक्षा कूलरची घरघर जास्त होती. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करून संगीत ऐका असं कोणाला सांगणार? फोननं काही ओळखलं नाही. आम्ही पेटी काढली. चाल इतकी संथ की प्रत्येक स्वरावर थांबता येत होतं: ग, प, म, ग, मग खाली उतरून मंद्र नि, मंद्र ध, मंद्र नि, सा, आणि मंद्र पंचमावर विसावा. खाली डावा हात दोनच स्वरसमूहांवर झोके घेत होता, एकदा या, एकदा त्या. हे कागदावर उतरवून ओळखीच्या पियानोशिक्षिकेला ऐकवलं. त्यांनी पहिल्या चार स्वरांतच सांगितलं: एरिक साती, पहिली जिम्नोपेदी, १८८८. भाचीनं त्याच संध्याकाळी ती पूर्ण ऐकली आणि मग दुसरी, तिसरीही. एवढ्या वर्षांत मला हेच दिसत आलं आहे की शेवटचं पाऊल बहुधा माणूसच टाकतो. सदरमधल्या चर्चचा वादक, मिशनच्या शाळेतली संगीतशिक्षिका, परीक्षांसाठी पियानो शिकणारी कॉलेजची मुलगी, यांच्या बोटांत या रचना असतात. आपण फक्त त्यांच्यापर्यंत स्वर नीट पोहोचवायचे.

सरगमीची मर्यादाही सांगायला हवी. शोपँचा ई मायनरमधला प्रील्यूड, अठ्ठाविसाव्या ओपसमधला चौथा, 'फाइव्ह ईझी पीसेस' (१९७०) या चित्रपटात जॅक निकल्सनचं पात्र वाजवतं. त्याच्या उजव्या हाताची सरगम लिहायला बसलं तर कागदावर येतं: प, कोमल ध, प, कोमल ध, प. एवढ्यावरून कोणाला काय ओळखू येणार? सगळी जादू डाव्या हातात आहे. तिथे एकत्र वाजणारे स्वर एकेक करून अर्ध्या-अर्ध्या पायरीनं खाली सरकतात आणि वरचा पंचम तोच असूनही दर वेळी त्याचा रंग बदलतो. आपला कान एकेरी सुरावटीच्या मागे जातो, कारण आपलं संगीत तसं आहे. पियानोचा तुकडा ओळखायचा असेल तर उजव्या हाताकडे थोडं दुर्लक्ष करून तळाचा स्वर कुठे चालला आहे ते ऐकायची सवय लावावी लागते. सवय जडली की बाखचा तळ शोपँच्या तळापेक्षा किती वेगळा चालतो ते ऐकू येतं. बाखचा डावा हात स्वतःच एक चाल असतो, तर शोपँचा डावा हात गाणाऱ्याखाली सतरंजी अंथरतो.

रचनाकाराचं नाव कळलं म्हणजे काम झालं असंही नाही. शोपँचे नॉक्टर्न एकवीस, त्या एका ओपसातले प्रील्यूड चोवीस, बीथोव्हनचे पियानो सोनाटा बत्तीस. 'शोपँचा नॉक्टर्न' म्हणून शोधत बसलं तर सापडण्याऐवजी हरवायलाच होतं. पट्टी, ओपस क्रमांक आणि कितवा भाग, एवढं हवं. मोझार्टसाठी केखेल यांच्या सूचीतला क्रमांक लागतो, बाखसाठी बी डब्ल्यू व्ही क्रमांक. लोकांत रुळलेली टोपणनावं तर फसवीच. 'मूनलाइट' हे नाव बीथोव्हननं दिलेलं नाही, ते रेलश्टाब या समीक्षकाच्या कल्पनेतून आलं. मोझार्टच्या एकविसाव्या पियानो कॉन्चेर्टोतला संथ भाग 'एल्व्हिरा मॅडिगन' (१९६७) या स्वीडिश चित्रपटात इतका गाजला की तबकड्यांवर तो चित्रपटाच्याच नावानं विकला जाऊ लागला.

चित्रपट स्वतःही कधी दिशाभूल करतो. 'द पियानिस्ट' (२००२) मध्ये उपाशी पियानोवादक श्पिलमन जर्मन अधिकाऱ्यापुढे शोपँचा पहिला बॅलड वाजवतो. पण श्पिलमन यांच्या आठवणींच्या पुस्तकात त्या प्रसंगी वाजतो तो सी शार्प मायनरमधला नॉक्टर्न, जो चित्रपटाच्या आरंभी रेडिओ केंद्रात ऐकू येतो. दिग्दर्शक पोलान्स्कीनं ही अदलाबदल का केली ते बॅलड ऐकताना समजतं. नॉक्टर्न हळुवार आहे, बॅलड कोसळतो. ज्या माणसानं कित्येक महिने आवाज न करता काढले, त्याच्या बोटांतून तसं काही कोसळायला हवं होतं. मला हा बदल पटतो. पण पुस्तक वाचून चित्रपटातला तुकडा ओळखू पाहणारा इथे हमखास चुकतो. आणि ऐकू येणारी बोटं या चित्रपटात नटाची नाहीत, दुसऱ्याची आहेत. वादन यानुश ओलेयनिचाक यांचं आहे.

सगळ्यांत जास्त शोधाशोध वाया जाते ती मुळात अस्तित्वातच नसलेल्या जुन्या रचनेमागे. 'डेंजरस मूनलाइट' (१९४१) साठी रिचर्ड ॲडिन्सेलनं रखमानिनोव्हच्या धाटणीत 'वॉर्सा कॉन्चेर्टो' लिहिला. लोक त्याचे पुढचे भाग शोधत राहिले. पुढचे भाग नाहीतच, चित्रपटाला लागेल तेवढंच लिहिलं होतं. 'द पियानो' (१९९३) मधलं संगीत मायकेल नायमनचं, 'आमेली' (२००१) मधला तो गोल-गोल फिरणारा तुकडा यान तिएरसनचा. दोघेही आपल्याच काळातले. आपल्याकडेही असं झालं आहे. अजय-अतुल यांनी 'सैराट' (२०१६) साठी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजवून घेतला, तेव्हा हे कुठल्या परदेशी सिम्फनीतून घेतलं अशी चौकशी माझ्याच ओळखीतल्या काहींनी केली. ते कुठूनही घेतलेलं नव्हतं. भरगच्च व्हायोलिनं आणि पियानो ऐकू आला की मूळ परदेशीच असणार, ही समजूत आपण आता टाकायला हवी.

तशीच उलटी समजूतही आहे, की जुन्या हिंदी गाण्यातलं सगळं इथलंच. मोझार्टच्या चाळीसाव्या सिम्फनीची सुरुवात म्हणून पाहा: कोमल ध, प, प, कोमल ध, प, प, कोमल ध, प, प आणि एकदम तार सप्तकातल्या कोमल गंधारावर उडी. 'छाया' (१९६१) मधलं तलत आणि लताबाईंचं द्वंद्वगीत आठवतं ना? सलील चौधरींनी ती सुरावट उघडपणे घेतली आणि पुढे आपल्या वळणानं नेली. त्यात चोरी-लबाडी काही नाही, त्यांना मोझार्ट मनापासून आवडत असे. याच मोझार्टची पंचविसावी सिम्फनी टायटन घड्याळांच्या जाहिरातीतून घरोघरी पोहोचली, आणि 'अमाडेअस' (१९८४) हा चित्रपट त्याच सुरांनी उघडतो. मोझार्टच्या क्रमांकित सिम्फनींमध्ये मायनर पट्टीतल्या दोनच, या दोन. दोन्ही एकाच जी मायनर पट्टीतल्या, आणि भारतीय कानानं त्याच दोन आपल्याशा केल्या. कोमल गंधार-धैवताची ती उदासी आपल्याला परकी वाटली नाही, हे मला यातलं कारण दिसतं.

राज कपूरच्या 'बरसात' (१९४९) मध्ये व्हायोलिनवर फिरत राहणारी धून इव्हानोविचीच्या १८८० च्या 'डॅन्यूबच्या लाटा' या वॉल्ट्झची. आकाशवाणीची सकाळची संकेतधून तर नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाल्यापासून किती पिढ्यांनी ऐकली असेल! ती वॉल्टर कॉफमन या प्रागहून आश्रयाला आलेल्या ज्यू संगीतकाराच्या नावावर जमा आहे. ते १९३७ ते १९४६ मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. तिच्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांचं, झुबिन मेहतांच्या वडिलांचं, असं सांगितलं जातं. रोज ऐकून पाठ झालेली चीजही निनावी राहू शकते, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

मराठी चित्रपटात पियानो आणण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते केशवराव भोळे मूळचे आपल्या विदर्भातले, जन्म अमरावतीचा, १८९६ चा. 'प्रभात'मध्ये आल्यावर त्यांनी वाद्यमेळात पियानो, हवाईयन गिटार आणि व्हायोलिनला जागा केली. 'एकलव्य' या नावानं संगीतसमीक्षा लिहिणारा हा माणूस. पाश्चात्त्य वाद्य हाताशी आलं म्हणून ते सगळीकडे ओतावं, असं त्यांनी केलं नाही. 'कुंकू' (१९३७) मध्ये पार्श्वसंगीताला फाटा दिला आहे. तिथे जो ध्वनी आहे तो घरातला, रस्त्यावरचा, पडद्यावर दिसणाऱ्या वस्तूंचा. आणि त्याच चित्रपटात शांता आपटे लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. वाद्याची निवड आणि वाद्याचा अभाव दोन्ही इतक्या विचारानं वापरणारे संगीतकार आपल्या आरंभकाळात होते, हे आजच्या पार्श्वसंगीताच्या गजबजाटात आवर्जून सांगावंसं वाटतं.

नागपूरशी अधिक जवळचं नातं सी. रामचंद्रांचं. त्यांचं मूळ नाव राम चितळकर. ते नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकले, जिथे वसंतराव देशपांडेही शिकत. रागदारीच्या तालमीतून गेलेला हा मुलगा मुंबईत गोव्याच्या ख्रिस्ती वादकांत जाऊन बसला. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत 'मेस्त' लहान मुलांना स्टाफ नोटेशन, व्हायोलिन आणि चर्चचं संगीत शिकवत. तिथली मुलं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि दिवसा स्टुडिओत येऊ लागली. 'अलबेला' (१९५१) मध्ये ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरच दिसतो. 'समाधी' (१९५०) मधलं लता आणि अमीरबाईंचं नाचगाणं 'डॉल फेस' (१९४५) या अमेरिकी चित्रपटातल्या गाण्यावरून आलं, हे आता सर्वश्रुत आहे. त्याच गाण्यांच्या मधल्या तुकड्यांत, दोन कडव्यांमधल्या दहा-वीस सेकंदांत, पियानो काय वाजवून जातो ते कोणी लिहून ठेवलं आहे?

हिंदी चित्रपटात पियानो दिसतो पुष्कळ. 'अंदाज' (१९४९) आणि 'बाबुल'मध्ये (१९५०) दिलीपकुमार, 'संगम'मध्ये (१९६४) राज कपूर, 'ब्रह्मचारी'मध्ये (१९६८) शम्मी कपूर. श्रीमंताची हवेली, मधोमध काळा पियानो, समोर दुसऱ्याची होऊन गेलेली नायिका. पण डोळे मिटून ही गाणी ऐका. नट दोन्ही हात फिरवत असतो तेव्हा पुष्कळदा कानावर येतात व्हायोलिनं, आणि पियानो फक्त सुरुवातीला आणि कडव्यांच्या मध्ये झळकतो. तो तुकडा अरेंजर लिहीत. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली थोर नावं. गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. १९५८ साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात भारतीय रागांवरच्या स्वतःच्या वाद्यवृंदरचना सादर केल्या. शिष्य प्यारेलाल यांनी पुढे 'अमर अकबर अँथनी'तल्या (१९७७) पात्रामार्फत त्यांचं नाव देशभर पोहोचवलं. या मंडळींच्या कानात बाख, शोपँ, चर्चची स्तोत्रं आणि जॅझ एकत्र नांदत असे. त्यांच्या मधल्या तुकड्यांत कधी अस्सल अभिजात ओळ येते, कधी तिची सावली, कधी पूर्ण स्वतःचं. फोनचा ठसा इथे फार तर गाण्याचं नाव सांगेल. पियानोवर कोण बसलं होतं ते सांगणार नाही. ते तबकडीवरही छापलेलं नाही आणि चित्रपटाच्या पाट्यांवरही नाही. लुसिला पचेको, रॉबर्ट कोरिया यांसारखी पियानोवादकांची नावं आज आपल्याला माहीत आहेत ती मुख्यतः ग्रेगरी बूथ यांनी जुन्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली केलेल्या पुस्तकामुळे आणि नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवर लिहिलेल्या पुस्तकामुळे.

म्हणून परदेशी चित्रपटातला तुकडा आणि आपल्या चित्रपटातला तुकडा यांचा शोध एकाच रीतीनं करता येत नाही. तिकडे रचना सापडली की वादक सापडतो, कारण दोन्ही कागदावर आहेत. इकडे रचना कधी गाण्याच्या पोटात मिसळून गेलेली असते आणि वादकाचा कागद कधी झालेलाच नसतो. जी काही नोंद आहे ती गोव्या-मुंबईतल्या वादकांच्या घरांत असू शकते. हातानं लिहिलेली स्वरलिपीची पानं, रेकॉर्डिंगच्या तारखांच्या वह्या, मोबदल्याच्या पावत्या. नागपुरातही सदर आणि कामठीच्या जुन्या ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि पारशी कुटुंबांत पियानो होते, बँडात वाजवणारी माणसं होती. त्यांच्या घरी अशी पानं असतील तर ती रद्दीत जाण्याआधी कोणीतरी पाहायला हवीत. वाचता न आली तरी पहिले आठ-दहा स्वर पेटीवर काढून सरगमीत लिहून ठेवावेत, सोबत पानावरची तारीख आणि जे काही नाव असेल ते. पुढे कोणाला 'अलबेला'च्या किंवा 'छाया'च्या एखाद्या मधल्या तुकड्याशी ते जुळवून पाहता येईल.